दीड फुटाचा विसावा

रस्ता रुंद झाला त्या वर्षी आमचा विसावा गेला. त्याबरोबर काय गेलं हे आळीत सगळ्यांच्या आधी आईच्या लक्षात आलं, आणि ती तर तोवर दीड वर्ष ओटीच्या पलीकडे गेली नव्हती.

शेजारची म्हातारी वारली होती. अंत्ययात्रेबरोबर गेलेल्या बायका परत आल्या, पायांवर पाणी घेऊन आपापल्या घरी गेल्या. माझी बायको आत येताच आईने खाटेवरून विचारलं, "एवढा उशीर? कुटून परतलात गं?"

"पेट्रोल पंपापासून," बायको म्हणाली. "कुठं थांबायचं तेच कळेना. पुरुष आपले पुढे चाललेत, आम्ही मागे मागे. वरून ट्रकवाले हॉर्न मारतायत. शेवटी कुणीतरी म्हणालं, आता पुरे."

"न् विसाव्यावरून न्हाय फिरलात?"

"विसावा कुठं राहिलाय, आई? रस्त्यात गेला."

मी तिथेच बसून बूट घालत होतो. या चार वाक्यांत काय काय होतं हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. कळलं नाही, आणि त्यामुळे पुढचे सात महिने वाया गेले.

विसावा काय असतो हे आजकाल इमारतीत वाढलेल्या मुलांना सांगावं लागतं. तिरडी घरातून निघाली की स्मशानात पोचायच्या आधी वाटेत एकदा खाली ठेवतात. पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. चिमूटभर तांदूळ वाहतात, आणि पुन्हा उचलतात. एवढंच. त्याची जागा ठरलेली असते. आमच्याकडे बायका त्या जागेपर्यंत येतात, पुढे येत नाहीत. भिवंडीत मिसळून गेलेल्या टेमघरला गाव म्हणणारे आता आम्ही थोडेच उरलो आहोत, पण जे आहेत त्यांच्या पाच-सहा पिढ्या त्या एका जागी खाली ठेवल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आईने विचारलं, "मी मेल्यावर मला कुटं उतरवनार तू?"

"आये, सकाळी सकाळी हे काय!"

"सकाळ हाय म्हनून इचारते. तुझ्या बापसाला जितं उतरवलं तितंच मला उतरवायचं. रस्त्यात न्हाय. ट्रकांच्या मधी ठेवलंस तर उठून घरी येन, सांगून ठेवते."

मी हसलो. ती हसली नाही. तिचं वय तेव्हा त्र्याऐंशी होतं, गुडघे गेलेले होते, आणि तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मी बोटांवर मोजू शकतो. एकदा चष्मा, एकदा पितळी पातेल्याला कल्हई, आणि आता ही जागा. मी म्हणालो, "करतो."

मी पूर्ण्याला एका गोदामात साठ्याचा हिशेब ठेवतो. बावीस वर्षं झाली. आमच्या गोदामात चार फुटबॉलची मैदानं मावतील, तरी नवा माणूस पहिल्या दिवशी हरवत नाही. जमिनीवर पिवळे पट्टे आहेत. पट्ट्याच्या आत माल, बाहेर माणूस. लाल चौकटीत काहीच ठेवायचं नाही. रॅकला नंबर, नंबराला खूण. वाचता न येणारा हमालही बरोबर जागी माल लावतो. जागा कशासाठी आहे हे जागेनेच सांगायचं, माणसाला विचारायची वेळ येऊ द्यायची नाही, हा तिथला पहिला धडा. त्यामुळे विसाव्याचं काम आपल्याला जमेल याविषयी मला शंका नव्हती.

खरं तर हा धडा मी गोदामात शिकलो असं म्हणणं चूक आहे. मी लहान होतो तेव्हा गावात एकही पाटी नव्हती. विहिरीच्या कठड्याला हंड्यांच्या बुडाने खळगे पडलेले होते, हंडा कुठे ठेवायचा हे सांगावं लागत नसे. कपडे धुवायचे दगड उताराच्या बाजूला, तिरके बसवलेले, म्हणजे साबणाचं पाणी विहिरीकडे यायचंच नाही. गुरांचं पाणी प्यायचं डोण गुडघ्याएवढं, आणि त्याच्या पुढची जमीन खुरांनी इतकी उखणलेली की माणूस आपोआप लांबून जायचा. खळ्याला कुंपण नव्हतं, पण ते सारवलेलं असायचं, आणि सारवलेल्या जमिनीवर चपला घालून कोण जाणार?

वडील सायकलला दुधाचे दोन कॅन लावून निजामपुऱ्यात चहावाल्यांना दूध घालायचे. सुट्टीत मी पुढच्या दांडीवर बसून जायचो. त्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं, एवढीच रुंदी. दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा आवाज. एका कारखान्याच्या दारासमोर थोडी मोकळी जागा बघून मी तिथे उभा राहिलो, तर वडिलांनी मला दंडाला धरून ओढलं.

"तितं नको. ती बीमची जागा हाय."

बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ. हातगाडीवरून आणायचा आणि चार माणसांनी दारात उतरवायचा.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"जमिनीनं. बघ, रोज रोज उतरवून कशी चेपलीय."

खरंच तिथे परातीएवढा खळगा होता. अख्ख्या गल्लीत बसायला जागा नव्हती, तरी त्या खळग्यात कुणी स्टूल टाकलेलं नव्हतं. पुढची गल्ली येईपर्यंत मी प्रत्येक दारासमोरची जमीन बघत गेलो आणि वडिलांना सांगत गेलो, इथे बीम, इथे हातगाडी, इथे पाण्याचा ड्रम. ते पेडल मारत म्हणत होते, "बरोबर. बरोबर. ते न्हाय, ती बकरीची जागा हाय." असे दिवस होते ते. जागा बोलायच्या, आणि आपल्याला ऐकू यायचं.

विसाव्याच्या बाबतीत मात्र माझी आठवण कच्ची होती. मुलांनी तिकडे खेळायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. लांबून मला एक करंजाचं झाड दिसायचं आणि त्याखाली गवतात काहीतरी काळसर, आडवं, सपाट. वडील गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. विस्तवाचं मडकं धरून सगळ्यांच्या पुढे चालत होतो, आणि मडकं धरणाऱ्याने मागे बघायचं नसतं. मागे काय चाललंय ते मी नुसतं ऐकलं. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले, रस्ता वर आला, आणि विसावा मातीत बुडत बुडत एक नुसता सपाट उंचवटा उरला. मी स्वतः खांदेकरी म्हणून गेलो तो त्या उंचवट्यावर. शेवटी रुंदीकरणात झाडही गेलं आणि उंचवटाही.

आळीतल्या तीन जुन्या माणसांना विचारलं, तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला चौकोनी ओटा होता, एक म्हणाला गोल पार होता, तिसरा म्हणाला काहीच नव्हतं, आम्ही रस्त्यावरच ठेवायचो. मी पहिलं उत्तर धरलं, कारण त्याची मापं काढता येत होती. बायकांना विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

नव्या रस्त्याच्या कडेला, जुन्या जागेपासून वीस पावलांवर, एक तिकोनी तुकडा शिल्लक राहिला होता. लागणाऱ्या परवानग्या काढल्या. तिरडीची लांबी मोजून ओटा ठरवला. लांबी सात फूट, रुंदी तीन फूट, उंची दीड फूट. खांदेकऱ्यांना फार वाकावं लागू नये म्हणून दीड. आमच्यातलाच एक तरुण गवंडी आहे, त्याने दोन दिवसांत तो बांधला, वरून गुळगुळीत घोटला आणि चुना मारला. मी घरी येऊन आईला सांगितलं, "झाली तुझी जागा."

"चांगली झाली?"

"एकदम सरळ. अर्ध्या सुताचाही फरक नाही."

"देव तुला सुखी ठेवो," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पाचव्या दिवशी ड्युटीवरून येताना मी बघितलं तर ओट्यावर चार जण बसले होते. संध्याकाळी सहाला लूमची शिफ्ट सुटते, आणि ओट्याच्या समोरच शेअर रिक्षा थांबतात. मला वाटलं, आज बसले असतील. पुढचे आठ दिवस मी सहा ते सात तिथे उभा राहून मोजलं. रोजची सरासरी चौदा माणसं. काही कांदाभजी खात होते, एक जण दाढी करून घेत होता. घरी आल्यावर ओट्याची मापं आठवत बसलो, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या गोदामातल्या खुर्चीची बैठक जमिनीपासून दीड फुटावर आहे. मी अर्ध्या सुताच्या अचूकपणाने एक बाक बांधला होता.

मग पाटी लावली. मोठ्या अक्षरांत, मराठीत: "ही अंत्ययात्रेची जागा आहे. येथे बसू नये." तिथे बसणाऱ्यांपैकी कुणी बलियाचा, कुणी तेलंगणातला, कुणी मालेगावच्या उर्दू शाळेतला. पाटीला डब्याच्या पिशव्या अडकवायची सोय झाली. एका संध्याकाळी गेलो तर एक माणूस ओट्यावर उताणा, डोळ्यांवर हात घेऊन गाढ झोपलेला. रिक्षावाल्याला म्हटलं, "पाटी दिसत नाही का याला? बसू नये लिहिलंय!"

रिक्षावाला म्हणाला, "बैठा किधर है, चाचा? वो तो लेटा है."

सगळी रांग हसली. मी घरी आलो आणि आईला काही सांगितलं नाही.

आता मी गोदामाचा उपाय केला. ओट्याभोवती जमिनीवर पिवळी चौकट मारली, चार इंची पट्टा, आत तिरप्या रेघा. आमच्याकडे अशी चौकट बघितली की माणूस पाय ठेवत नाही. दोन दिवस खरंच कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो चौकटीला मागून बरोबर लावून उभा होता, आणि कापडाचे तागे ओट्यावर उतरत होते. सव्वीस तागे मी मोजले.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

ड्रायव्हर आपल्यातलाच निघाला. "काय म्हणजे? माल उतरतोय. दुसरी गाडी इथूनच उचलनार हाय."

"ही माल उतरवायची जागा आहे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काल भिवंडीत आलो आहे. "काका, पिवली चौकट हाय, धक्का हाय, गाडीचा फाल्का पाडला की बरोबर त्याच्यावर टेकतो. अजून काय पायजे? चांगली सोय केलीय कुनीतरी."

बरोबरच होतं त्याचं. या शहरात दर घरातलं एक माणूस गोदामात जातं. जमिनीवरची पिवळी चौकट म्हणजे इथे माल ठेवा, हे आमच्या पोरांना बाराखडीआधी कळतं. माझ्या गोदामात रिकामी ठेवायची चौकट लाल असते. पण लाल रंग स्मशानाच्या वाटेवर नको, असा विचार करून मी पिवळा घेतला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी, मागे ओट्यावर झोपलेला तो लूमवाला मला भेटला. चाळिशीचा, किडकिडीत, कानात कापसाचे बोळे. मी पिवळा पट्टा खरवडत बसलो होतो. त्याने विचारलं, चाचा, हे नक्की आहे काय? मी सांगितलं. तो दोन पावलं मागे सरकला.

"हम तो उसपे लेटे थे," तो म्हणाला. "बारा घंटे की ड्युटी थी, कमर टूट रही थी. पहले बताना था ना, चाचा."

"पाटी लावली होती."

"वो हमसे पढ़ी नहीं जाती." मग म्हणाला, "हमारे गाँव में भी रास्ते में उतारते हैं. वहाँ कोई नहीं बैठता. किसी को बोलना नहीं पड़ता."

"का नाही बसत?"

त्याने डोकं खाजवलं. "बैठने जैसा है ही नहीं वो."

तो पुढे कितीतरी दिवस ओट्याच्या बाजूने न येता रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. कमरेत कळ आली म्हणून जो टेकला, त्याच्या मनात मी आयुष्यभराची भीती घातली होती. याची नोंद कुठल्या वहीत करायची मला कळेना.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोने आईला सगळं सांगून टाकलं. ताग्यांचंही आणि झोपलेल्या माणसाचंही. आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "उद्या मला घेऊन चल."

"गुडघ्याचं काय?"

"गुडघा काय मेल्यावर दाखवायचाय?"

सकाळी रिक्षा दारात आणली. दोन वर्षांनंतर तिने बाहेरची आळी बघितली. वाटभर ती "हे कुनाचं घर? न् हे कुनाचं?" विचारत होती. ओट्यापाशी रिक्षा थांबली. ती आतूनच बराच वेळ बघत राहिली, मग काठी टेकत उतरली.

"हे काय हाय?"

"विसावा."

"हा तं एस्टी स्टँडवरचा बाकडा हाय."

"आये, सात फूट बाय तीन, तिरडीचं बरोबर माप..."

"तुझी फुटं ठेव तिकडं. मला सांग, तिरडी यावर ठेवली. आता उचलायची. बोटं कुटं घालायची?"

मी ओट्याकडे बघितलं. गुळगुळीत, सपाट. बांबू त्यावर टेकला की खाली हात जायला एक सूतही जागा नव्हती. चार खांदेकऱ्यांनी तिरडी आधी एका बाजूने कलती करावी, मग धरावी, असं झालं असतं.

"दोन दगड व्हते," ती म्हणाली. तिने काठीने मातीत दोन आडव्या रेघा मारल्या. "एक डोक्याखाली, एक पायाखाली. वीतभर उंच. वर निमुळते, माझ्या हाताच्या पंज्याएवढे. बांबूची खाच पडलेली. मधे सगळं मोकळं. त्याच्यावर कोन बसंल? बसलास तं पुन्हा बसनार न्हाईस."

"तुला एवढं कसं आठवतं? तिघांनी तीन..."

"ते पुरुष. पुरुषांचं ध्यान खांद्यावर. कोन पुढं, कोन मागं, कोनाचा पाय घसरला. आमी उभ्या असायचो. आमाला बघायलाच आनलेलं असायचं." तिने काठी पायाकडच्या रेघेवर टेकवली. "न् तुझ्या बापसाच्या वेळी तू मडकं घेऊन पुढं व्हतास. तुला काय दिसनार? तुमी सगळे उचलून पुढं गेलात. मी तं तितंच ऱ्हायले. माझं न् त्यांचं तितं संपलं."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं होतं. मागून कंटेनर जात होते. ती रस्त्याकडे बघून म्हणाली, "तुला वाटतं ती उतरवायची जागा हाय. आमच्यासाठी ती परतायची जागा व्हती, पोरा. दगडांच्या पुढं वाट अशी अरुंद व्हायची, शेताच्या बांधावर उतरायची. तिरडी न् चार मानसं, बस. बाया जाऊच शकत नसत. कुनी आडवायचं न्हाय, कुनी 'आता फिरा' म्हनायचं न्हाय. त्या वक्ताला असं सांगायला कुनाची जीभ उचलंल? वाटच सांगायची."

पेट्रोल पंपापर्यंत चालत गेलेल्या बायका मला तेव्हा आठवल्या. कुणीतरी आता पुरे म्हणालं, असं बायको म्हणाली होती. ते कोण बोललं असेल, आणि बोलताना तिला काय वाटलं असेल, हे मी सात महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

ओटा फोडला. खाणीतून दोन काळे दगड आणले. गवंड्याने वरच्या अंगाला छिन्नीने खाचा पाडल्या. दगडांतलं अंतर किती हा प्रश्न आला, कारण मयत नसताना तिरडी बांधून बघणं अशुभ. आम्ही बांबूची शिडी आणली. अंगणात गवंडी शिडी मापत होता, तर आई ओटीवरून म्हणाली, "शिडीला काय इचारता? मी हाय ना, माझं माप घ्या की."

"काकी, तुम्ही शंभर करा," गवंडी म्हणाला.

"शंभर केली तं खांदा द्यायला हा मेला ऱ्हाईल का?" तिने माझ्याकडे बोट केलं. "आत्ताच जिना चढताना धापा टाकतो."

अंतर पाच फूट ठरलं. दगड आईने सांगितलेल्या जुन्या उंचीचे, एक वीत. साठ फुटी रस्ता पुन्हा अरुंद करणं काही माझ्या हातात नव्हतं. म्हणून दगडांच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, खडबडीत फरशीचा अर्धगोल केला. पंधरा-वीस बायका उभ्या राहतील एवढा. दगडांच्या बाजूला त्याला वीतभर उंचीची कड, गावाकडे मात्र मोकळा. म्हणजे आत यायची वाट तीच बाहेर जायची वाट. कडेला पाण्याचा नळ. झाड लावलं आहे, पण ते अजून माझ्या खांद्याएवढंही नाही, सावली म्हणून त्याचा उपयोग शून्य.

ओट्याचं डबर उरलं होतं. चौदा माणसं रोज बसत होती याचा अर्थ चौदा माणसांना बसायला जागा नव्हती, हा साधा हिशेब मला उशिरा सुचला. रिक्षा थांबतात त्या बाजूला, त्याच डबराचे दोन बाक बांधले. दीड फूट उंच. त्यानंतर मी आठवडाभर पुन्हा मोजलं. बाकांवर सरासरी सोळा, दगडांवर शून्य. पाटी काढून टाकली. कानात बोळे घालणारा तो लूमवाला आता बाकाच्या टोकाला बसतो. मला बघून हात वर करतो, पण दगडांकडे पाठ करूनच.

चार महिन्यांनी आळीतले एक म्हातारे गेले, वडिलांच्या बरोबरीचे. आई म्हणाली, मी जानार. नातेवाइकांनी नको म्हटलं. तिने पातळ बदललं आणि रिक्षा मागवली. बायकांच्या मागून ती रिक्षातून आली आणि अर्धगोलापाशी उतरून माझ्या बायकोचा हात धरून उभी राहिली.

या खेपेला मी पुढच्या डाव्या खांद्याला होतो. कुणी काही सांगितलं नाही. तिरडी खाली आली, बांबू खाचेत बसले, चारी जणांचे हात मोकळे झाले. समोरच्या बाकांवरची माणसं उभी राहिली. तांदूळ वाहिले. आम्ही जागा बदलल्या, बोटं बांबूंखाली गेली, तिरडी उचलली. मागे बायका थांबल्याच होत्या. नळावर हातपाय धुतल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मग त्या आवाजाच्या पलीकडे काही नाही. त्या फिरल्या होत्या. विसाव्यावरून फिरलेल्या बाईने मागे वळून बघायचं नसतं, असा आमच्यात रिवाज आहे. गेलेल्या माणसाचा पाय अडकतो म्हणतात.

दुपारी आंघोळ करून मी आत आलो. आई ताटात वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. तिने इकडेतिकडे बघितलं, सून स्वयंपाकघरात आहे याची खात्री केली आणि मला जवळ बोलावलं.

"कुनाला बोलू नको. मी वळून बघितलं."

"आये!"

"मग? मला तितं निजायचंय, मी बघनार न्हाय तं कोन? म्हातारा काय बोलनार न्हाय मला, बालपनापासून वळखायचा." तिने एक शेंग फोडली. "सगळं बरोबर हाय. पन पायाकडचा दगड डावीकडं वर हाय. तिरडी कलत व्हती."

"शक्यच नाही. मी तीनदा मापलाय."

"तू मापलास. मी बघितलं."

दुसऱ्या दिवशी ड्युटीला जायच्या आधी पाणसळ घेऊन गेलो. पायाकडच्या दगडावर ठेवली. बुडबुडा मध्यावर थांबला नाही. पावसाने उजवीकडची माती दबली होती. गवंड्याला तिथूनच फोन करून बोलावलं, पहारीने दगड उचलला, खाली चीप घातली, पुन्हा पाणसळ ठेवली, आणि संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं.

"किती व्हता?" तिने विचारलं.

"पाव इंच."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून स्वस्थ झोपली.